हिरवी चिठ्ठी, पिवळी चिठ्ठी आणि खंडूतात्यांचा दस्ता

बंदुकीच्या दुकानात मी एकवीस वर्षं काढली, पण स्वतः बार काढला तो एकदाच. मोहोळच्या अलीकडे एका गिऱ्हाइकाच्या रानात. बांधावर ठेवलेला तेलाचा रिकामा डबा जागचा हलला नाही, मी मात्र मागे मक्याच्या तिसऱ्या ओळीत सापडलो. गिऱ्हाइकाने मला हात देऊन उठवलं, अंगावरची माती झटकली आणि म्हणालं, "मिस्त्री, तुमी लाकडाचंच बघा." ते मी पुढे आयुष्यभर बघितलं.

बंदूक म्हटलं की लोकांना नळी आठवते. नळी, घोडा, काडतूस आणि धूर. पण बंदूक माणसाला चिकटते ती लाकडाने. खांद्याला टेकतो, गालाला लागतो तो दस्ता. नळीखाली डावा हात धरतो तेही लाकूड. लोखंड बार काढतं, त्याचा धक्का लाकूड खातं. तेव्हा दस्ता करणारा हा बंदुकीतला सगळ्यात मोठा माणूस, असं मी सत्तर सालापासून सांगत आलोय. ऐकणारा अजून भेटलेला नाही.

माझे वडील मागाचे धोटे करायचे. सोलापुरात धोट्याला काय तोटा? विणकर गल्लीत आमचं लाकूड दिवसातून हजारदा इकडून तिकडे धावायचं. धोट्याला कुसळाएवढा खरखरीतपणा राहिला तर सूत तुटतं आणि विणकर तेलुगूत आपल्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. त्या शाळेत माझा हात तयार झाला. एकदा आमच्या मालकांनी माझं लाकूडकाम पाहिलं आणि मला त्यांच्या परवानाधारक बंदुकीच्या दुकानात नेलं. धोटा सोडून दस्ता धरला, एवढीच माझी बढती.

दस्ता बसवायचा म्हणजे खिळे मारायचे नसतात. लोखंडाला कंदिलाची काजळी फासायची, लाकडात दाबून बघायचं, जिथं काळं उठेल तिथलं केसभर लाकूड काढायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं शंभर वेळा. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी माझं तोंड बघायची आणि मग विचारायची, दुकानातून आलात की चुलीतून?

आता गॅरंटीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे.

कारखान्यातून नवी दुनळी बंदूक आली की तिच्यासोबत एक इंग्रजी कार्ड यायचं. मालकांनी ते मला एकदा मराठीत समजावलं होतं. लाकडी भागांना एक वर्षाची गॅरंटी. लाकूड स्वतःच्या दोषाने तडकलं, म्हणजे ओलं राहिलं होतं, गाठ होती, रेघ वाकडी होती, तर कारखाना नवा दस्ता देणार. पण पडून, आपटून, भिजून किंवा परक्या हाताने छेडछाड होऊन तडकलं, तर गॅरंटी संपली. मग ती दुरुस्ती. परका हात म्हणजे कोणाचा, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गॅरंटीला आम्ही हिरवी चिठ्ठी देत असू, दुरुस्तीला पिवळी. हिरवी चिठ्ठी मिळाली की लोखंड आमच्या कपाटात आणि लाकूड पार्सलने कारखान्याला. तिथून नवा दस्ता यायला पाच-सहा महिने. पिवळी मिळाली तर मी आणि माझा रंधा. पंधरा दिवसांत बंदूक हातात. कुणाला कुठली चिठ्ठी द्यायची हे ठरवायचं काम माझं. म्हणजे सुताराला मालकांनी न्यायाधीश केला. न्यायाधीशाला निदान काळा कोट असतो, माझ्या अंगावर काजळी होती.

आणि समोर येणारे साक्षीदार कसे, तर एकाचीही बंदूक कधी पडलेली नसायची. माझ्या सगळ्या नोकरीत एकही बंदूक पडली नाही. सगळ्या आपोआप मोडल्या. एकाच्या दस्त्यावर ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी उमटली होती; तो म्हणाला, रातच्याला भिंतीला टेकवली, सकाळी बघतो तर अशी. अक्कलकोटकडच्या एकाच्या दस्त्याच्या बुडावर बैलाच्या खुंटीच्या डोक्याएवढा गोल ठसा होता, त्यात मातीही भरलेली. मी म्हटलं, खुंटी ठोकलीत. त्याने कानडीत "इल्ला, इल्ला", म्हणजे नाही नाही, म्हणत हात झटकले आणि खुंटी हा शब्द आपण आत्ताच ऐकतोय असा चेहरा केला. तिसऱ्याने तर रानडुकराने दस्ता चावला म्हणून सांगितलं. दातांचे ठसे मी पाहिले. ते डुक्कर रोज संध्याकाळी त्याच्याच दारात भाकरीसाठी शेपूट हलवत असणार.

अशांना पकडता पकडता मला माझीच भुरळ पडली. तडा बघून मी आधी कारण सांगायचो, मग गाव सांगायला लागलो, पुढे पुढे गिऱ्हाइकाचं बायकोशी पटतं की नाही हेही. आणि नुसतं सांगून माझं भागायचं नाही. बंदूक कशी पडली ते मी करून दाखवायचो. दुकानाच्या मधोमध उभा राहून गिऱ्हाइकासारखा चालायचो, ठेचकाळायचो, बंदूक निसटली म्हणून डोळे फिरवायचो आणि शेवटी ती जमिनीवर आपटल्याचा आवाज तोंडाने काढायचो. बसलेले लोक हसायचे. मालक चष्म्यावरून बघायचे, पण गिऱ्हाईक बसून राहतं म्हणून बोलायचे नाहीत. लोखंडकाम बघणारे हुसेनचाचा तेवढे मान खाली घालून कानस घासत राहायचे. चाचांचं मत असं की ज्याचं तोंड फार चालतं त्याचा हात थांबलेला असतो. ते त्यांनी मला तोंडाने कधी सांगितलं नाही, कानशीने सांगितलं.

तर अशा माझ्या भरभराटीच्या दिवसांत खंडूतात्या आले.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. तात्या वेळापूरच्या पुढच्या एका वस्तीवरचे. मोठी बागायत नव्हती, मका आणि थोडा ऊस. पण वस्तीत परवाना एकट्या त्यांचा. ओढ्यातून डुकरं आली की आजूबाजूच्या सगळ्या रानांतून तात्यांच्या नावाने हाका यायच्या. बंदूक आमच्याच दुकानातली, घेऊन सात महिने झालेली. दस्त्याच्या मानेपाशी, जिथं तो बारीक होतो आणि मूठ बसते तिथं, वीतभर तडा.

तात्या उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले की बार काढला आणि लाकूड बोललं.

मी दस्ता फिरवून पाहिला. बुडाच्या कोपऱ्यावर खोक होती. मानेपाशी तडा आणि बुडाला खोक, एवढं मला पुरलं. तात्या म्हणाले, ती खोक एस्टीतल्या सीटच्या लोखंडाची, घेतली त्याच दिवसाची. मी हसलो. दुकानात त्या वेळी त्यांच्याच भागातले दोघे बाकावर बसले होते, काडतुसं न्यायला आलेले. प्रेक्षक मिळाल्यावर मी कसला थांबतो? मी तात्या झालो. ओढ्यात उतरलो, डुक्कर पाहिलं, डुकरानं मला पाहिलं, मी घाबरलो, पाय घसरला, बंदूक दगडावर. आवाजही काढला. बाकावरचे दोघे मांडीवर थापा मारून हसले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मते तो माझा सर्वोत्तम प्रयोग होता.

मग मी पिवळी चिठ्ठी फाडली. 'कारण' या रकान्यात लिहिलं, "पडल्यामुळे." रजिस्टरातही तेच लिहिलं.

तात्यांनी चिठ्ठी घेतली. बंदूक दुकानात आहे याचा तोच पुरावा, ती टाकून देता येत नव्हती. त्यांनी ती वाचली, चार घड्या करून टोपीत ठेवली आणि हसणाऱ्यांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "चिठ्ठी नेतो मिस्त्री. पर बंदूक मी पाडली न्हाय."

आवाज चढवला नाही की भांडले नाहीत. मला वाटलं, सराईत आहे.

आठेक दिवसांनी त्या बंदुकीचा नंबर लागला. दस्त्याच्या पोटातून एक लांब भोक असतं, त्यातून लांब बोल्ट जातो आणि लाकूड लोखंडाला आवळून धरतो. तो काढायचं काम चाचांचं. त्यांनी बोल्ट काढला, सवयीने भोकातली घाण बघायला दस्ता दाराकडे धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ये बोल्ट के घर में उजाला कायकू है?"

मी बघितलं. आतल्या अंधारात मधेच एका बाजूने उजेडाचा ठिपका. तो यायचं काही कारण नव्हतं. दस्त्याला खालून, बंदूक पाठीला अडकवायच्या पट्ट्याची कडी बसवलेली होती, आता ती कलली होती आणि तिच्या पितळी पट्टीखालून उजेड येत होता. मी पट्टी काढली. कडीसाठी पाडलेलं भोक आरपार बोल्टाच्या भोकात घुसलं होतं. तडा तिथूनच सुरू होऊन मानेपर्यंत गेलेला, अगदी नदी उगमापासून निघावी तसा. लाकूड तिथं पापडाएवढं राहिलं होतं. सात महिने धक्के खाऊन त्याने शेवटी जीव सोडला.

आणि ते भोक मी पाडलं होतं. बंदूक विकत घेतली त्या दिवशी तात्या म्हणाले होते, सायकलवर पाठीला लावली की दस्ता कॅरियरला लागतो, कडी चार बोटं पुढं घ्या. मी घेतली. चार बोटं माझी मोजली, ती जरा जाड आहेत. आणि समोर बसलेल्या कुणाला तरी काहीतरी रंगवून सांगत होतो म्हणून गिरमिट किती आत गेलं ते पाहिलं नव्हतं.

मी पट्टी परत बसवली. स्क्रूही आवळले. चाचा म्हणाले, "पट्टी लगाए तो भोक भर जाता क्या?" मी शेवटच्या स्क्रूला आणखी एक पिळा दिला. मग ते म्हणाले, "बंदूक नैं गिरी मियाँ. तुमारी अकल गिरी." आणि कानस घासायला लागले.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस माझी सगळी हुशारी भोक बुजवण्याकडेच लागली होती. त्याच लाकडाची बुचासारखी गुटी करायची, सरस लावून ठोकायची, रेघेला रेघ जुळवायची. कारखान्याचा साहेब भिंग घेऊन आला असता तरी सापडली नसती. पण तेवढ्यात बाकावरच्या त्या दोघांतला एक पुन्हा दुकानात आला आणि मोठ्या कौतुकाने गावची खबर देऊन गेला. माझी नक्कल एस्टीने तात्यांच्या आधी गावात पोचली होती. आता पारावर ती दुसरंच कुणी करत होतं, म्हणे माझ्यापेक्षा बरी. तात्यांनी पाण्याचा तांब्या उचलला तरी लोक म्हणायचे, तात्या, संभाळून. इथवर ठीक होतं. पण दोन महिन्यांनी तात्यांच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. बंदूक हजर करावी लागे, कागद दाखवावे लागत. आणि चौकीतल्या हवालदाराच्याही कानावर गेलं होतं. त्याने तात्यांना सांगितलं होतं, ज्याच्या हातात हत्यार राहत नाही त्याला हत्यार कशाला, चिठ्ठी घेऊन या, बघू काय लिहिलंय.

काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

मी मालकांना सगळं सांगितलं. मालक भले, पण दुकानदार. ते म्हणाले, "वामन, हिरवी चिठ्ठी दे. लाकडाचा दोष म्हण. कारखाना कुठं बघायला येतोय?"

मोह मोठा होता. तात्याही सुटले, मीही सुटलो, कारखाना लांबचा. पण हिरवी चिठ्ठी म्हणजे लाकूड पार्सलने गेलं, सहा महिने गेले. नूतनीकरणाला तात्या काय नुसत्या नळ्या खांद्यावर टाकून जाणार होते? शिवाय कारखान्यातही एखादा हुसेनचाचा असणारच, आणि तोही दस्ता उजेडाकडे धरणार. त्या दिवशी मला कार्डावरच्या परक्या हाताचा अर्थ कळला. तो हात माझ्याच मनगटाला जोडलेला होता, आणि दुकानातून कडी लावून गेलेल्या प्रत्येक बंदुकीची गॅरंटी मी स्वतः गिरमिटाने संपवली होती. हे मालकांना सांगितल्यावर ते एकदम पाणी प्यायले.

मी तात्यांना पोस्टकार्ड टाकलं, पत्र मिळताच यावे. मनात आखणी अशी की तात्या एकटे येतील, मी त्यांना चहाला नेईन, लाकूड, हवामान, दमटपणा अशी वाट वाट करत मूळ गोष्टीपाशी येईन.

तात्या एकटे आले नाहीत. बाकावर हसलेल्या त्या दोघांना बरोबर घेऊन आले. त्यांना त्याच बाकावर त्याच जागी बसवलं आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, "हं. बोला मिस्त्री."

मी हवामानापासून सुरुवात केली. सोलापूरचं ऊन कसं, लाकूड कसं आखडतं. तिथून कारखाना ज्याचे दस्ते करतो त्या अक्रोडाच्या झाडावर आलो, जे मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. काश्मीरपर्यंत पोचलो असेन तेवढ्यात चाचा उठले, दस्ता आणून टेबलावर ठेवला, कडीच्या भोकात एक लांब खिळा घातला आणि परत जागेवर जाऊन बसले. खिळ्याचं टोक बोल्टाच्या भोकात दिसत होतं.

तात्यांनी खिळा काढला, पुन्हा घातला. दस्ता दाराकडे धरून एक डोळा मिटला.

"हे भोक कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

एवढं लहान वाक्य मी त्या दुकानात पहिल्यांदाच बोललो असेन. बाकावरचे दोघे हसायच्या तयारीत होते, पण कुणाला हसायचं ते त्यांना कळेना.

"मग लिवा की तसं."

बंदुकीच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. लाल शाईने रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं, खाली सही करायची, आणि ते पान तपासणीला येणारा प्रत्येक अधिकारी वाचतो. मालकांनी लाल दौत पुढे सरकवली आणि छताकडे पाहायला लागले. मी "पडल्यामुळे" वर रेघ मारली आणि लिहिलं, "दुकानातील कारागिराने कडीचे भोक चुकीच्या जागी पाडल्यामुळे." कारागीर शब्दापाशी लेखणी अडली. मनात दुसरा शब्द होता, चार पायांचा.

तात्या म्हणाले, "नाव न्हाय आलं. कारागीर लई असत्यात."

मी नाव घातलं. नवी चिठ्ठी केली, तिच्यावरही नाव घातलं. तात्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. बाकावरच्या दोघांना नीट ऐकू यावं म्हणून दोनदा. दुसऱ्या खेपेला त्यांच्यातला एक म्हणाला, "मिस्त्री, करून बी दाखवा की." मी करून दाखवलं नाही. माझ्या नोकरीत एकच प्रयोग रद्द झाला, तो हा.

मालकांनी तेवढ्यात मधे पडून सांगितलं की नवा दस्ता दुकान देईल, आणि हवं तर पुण्याहून दुसऱ्या माणसाकडून करून आणू. तात्यांनी मान हलवली. "ह्यांच्याकडनंच करा. कुटं चुकतंय ते ह्यास्नी ठावं हाय. दुसऱ्याला शिकायला माझंच लाकूड लागंल."

मी शिसवाचा दस्ता केला. एकवीस वर्षांतलं ते माझं सगळ्यात चांगलं काम, हे मात्र फुगवून सांगत नाही. काजळीने माझं तोंड इतकं काळं झालं की बायकोने दोन दिवस मला आवाजावरून ओळखलं. कडीचं भोक पाडताना दुकानात कुणी बोलायचं नाही असा मी हुकूम काढला, आणि तो मोडणारा माणूस मीच असल्यामुळे तोंडात सुपारी धरून बसलो. बोल्टाचं अंतर सात वेळा मोजलं. आठव्यांदा चाचांनी मोजलं आणि म्हणाले, "हौ, अब पाडो."

बंदूक न्यायला तात्या आले तेव्हा त्यांनी दस्ता खांद्याला लावून पाहिला, गाल टेकवला आणि मान डोलावली. बस्स. शाबासकीच्या आशेने मी उभाच. त्यांनी विचारलं, जुना दस्ता कुठाय? मी म्हटलं, जळणात टाकणार होतो. म्हणाले, आणा. गोणपाटात गुंडाळून ते तोही घेऊन गेले. परवान्याचं नूतनीकरण झालं. हवालदाराने म्हणे चिठ्ठी दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, हा मिस्त्री डोक्याने बरा आहे ना?

पुढे चार-पाच वर्षांनी मालकांच्या नात्यातल्या लग्नाला माळशिरस तालुक्यात जायचं झालं. पंगतीत बसलो होतो. वाढणाऱ्याने माझ्या पानात बुंदी टाकता टाकता निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमी सोलापूरचं भोकवालं मिस्त्री न्हवं?" अख्खी ओळ वाकून माझ्याकडे बघायला लागली. मी शेकडो दस्ते केले, सांधा कुणाला सापडला नाही, म्हणून करणाराही कुणाला सापडला नाही. आणि एका गिरमिटाने मला तालुक्यात नाव मिळवून दिलं. मी मान डोलावली. बुंदी मात्र दुप्पट मिळाली.

जेवण झाल्यावर तात्या मला वस्तीवर घेऊन गेले. केस पांढरे झाले होते, चाल तशीच. सोप्यात शिरलो आणि समोर भिंतीवर तोच जुना, माझ्या भोकाचा दस्ता. तडा तांब्याच्या तारेने बांधलेला, लाकूड तेल देऊन देऊन चकाकत होतं. येणारा जाणारा विचारतो आणि तात्या सांगतात, हे मी न पाडलेलं हाय.

मी जवळ गेलो. तारेने टांगला असेल म्हणून पाहिलं, तर नाही. भिंतीत एक खिळा होता आणि दस्ता कडीच्या भोकातच अडकवला होता. वाऱ्याने जरा हलत होता, पण कलत नव्हता.

"तोल बगितला का?" तात्या मागून म्हणाले. "लई ठिकाणी धरून बगितला. हितंच बसतुया. टांगायला भोक अगदी बराबर जागी पाडलंय, मिस्त्री."